विली ब्लाइशर यांच्यावरचा फलक-संच: घ्या, पण एक फलक जोडा

इंदूरच्या मालवा मिल भागातल्या एका वाचनालयाकडे विली ब्लाइशर या जर्मन कामगार पुढाऱ्यावरचा हा बारा सनबोर्डांचा मराठी संच भाड्याने मिळतो. कामगार संघटनेच्या कार्यक्रमाला जरूर घ्यावा.

बालपण आणि नाझी राजवटीतली 1936 ची अटक दोन फलकांत उरकली आहे, ते ठीकच. खरा ऐवज 1963 च्या संपाचा. ब्लाइशर तेव्हा आयजी मेटाल या धातुकामगार संघटनेचे श्टुटगार्टचे प्रमुख. समोर मालकांकडून हान्स मार्टिन श्लायर, पूर्वीचे एसएस (हिटलरचं निमलष्करी दल) अधिकारी. मागणी 8 टक्के पगारवाढीची. मालकांनी टाळेबंदी केली. शेवटी 5 टक्के लगेच, 2 टक्के पुढच्या वर्षी. हे सगळं एकाच तक्त्यात असल्याने कोण किती सरकलं ते झटकन कळतं. बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीसाठी तीन दशकं झगडलेल्या शहरात हा फलक दाराशीच हवा.

बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीत ब्लाइशर कैदी होते, तो फलक मात्र अपुरा आहे. कैद्यांच्या सामानकोठीत ब्लाइशर यांनी तीन वर्षांच्या स्टेफान येझी त्स्वाइगला जपलं, एवढंच त्यात आहे. ऑशविट्झ या मृत्युछावणीत पाठवायच्या यादीतून त्याचं नाव खोडलं गेलं, तेव्हा त्याच्या जागी 16 वर्षांच्या विली ब्लुम या सिंती (रोमा लोकांपैकी एक समाज) मुलाचं नाव घातलं गेलं. हे गाळणं चुकीचंच. अशी सुटका कुणाच्या जिवावर व्हायची, ते सांगणारा एक फलक जोडायलाच हवा.

मांडताना सनबोर्ड नुसते दोरीला टांगू नका, मधोमध वाकतात. मागे लाकडी पट्टी लावा. अक्षर बारीक आहे, तेव्हा दोन फलकांत तीन फूट जागा सोडा, नाहीतर तक्त्यापाशी गर्दी तुंबते.