शिक्कासुद्धा छापलेला

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे 'किती गेले?' हा प्रश्न मिटेल. ई-पुस्तकांपायी ४९९, छापील संचापायी ४,५०० आणि कुरियरचे ३५०. एकूण ५,३४९ रुपये. रक्कम ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यावर निभावलं." खरं आहे तिचं. पण मी पैशाने कमी आणि लाजेने जास्त मेलो. ४० वर्षं पुस्तकं हाताळलेला माणूस पुस्तकातच फसला!

ही पुस्तकं म्हणजे 'सडन'. ऑलिव्हर स्ट्रेंज नावाच्या इंग्रज लेखकाने लिहिलेल्या काऊबॉय कादंबऱ्या. दोन पिस्तुलं, काळा घोडा आणि आपल्या पालक-बापाला बुडवणाऱ्या दोन माणसांच्या शोधात हिंडणारा जेम्स ग्रीन, टोपणनाव 'सडन'. सांगलीत गावभागातल्या वाचनालयात हे कॉर्गी या इंग्रज प्रकाशकाचे पॉकेट-बुक दिवसाला चार आण्याने मिळायचे. आम्ही पोरं त्याला 'सुडन' म्हणायचो, कारण उच्चार सांगणारं कोणी नव्हतंच. त्यातली पात्रं 'यू' दोनच अक्षरांत म्हणतात आणि 'शुअर'ऐवजी 'शोअर'. मी नववीत निबंधात तसंच लिहिलं आणि सरांनी लाल शाईने अख्खं पान रंगवलं.

नोकरी लागल्यावर मी एकेक भाग जमवला. काही फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळाले, काही पुण्यात रद्दीवाल्यांकडे. स्ट्रेंजचे १० आणि त्याच्यामागून फ्रेडरिक एच. ख्रिश्चन या नावाने आलेले ५. हा ख्रिश्चन म्हणजे फ्रेडरिक नोलन, कॉर्गीतच काम करणारा. १५ पुस्तकं एका पत्र्याच्या ट्रंकेत होती आणि ट्रंक तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आलं. दहा दिवसांनी ट्रंक उघडली तेव्हा आत एकच विटकरी रंगाची वीट होती. पुस्तक असं उरलंच नव्हतं.

नंतर दोन-तीन वर्षं त्या विषयाकडे मी वळलो नाही. निवृत्त झालो, हातात टॅब आला, आणि एका रात्री सहज नाव टाकून बघितलं. समाजमाध्यमावर एक जाहिरात समोर आली: वेस्टर्न, म्हणजे काऊबॉय कादंबऱ्यांची संपूर्ण लायब्ररी, १,२०० ई-पुस्तकं, ४९९ रुपये. स्ट्रेंज, झेन ग्रे, मॅक्स ब्रँड, जे. टी. एडसन, लुई लामूर, सगळी नावं ओळीने. मी क्यूआर स्कॅन केला. पाच मिनिटांत एका फोल्डरची लिंक आली.

१,२०० फायली खरंच होत्या. पण एडसन आणि लामूर यांच्या नावाच्या बहुतेक फायली उघडतच नव्हत्या. उघडल्या त्यात फक्त मुखपृष्ठ. चांगल्या वाचता येत होत्या त्या झेन ग्रेच्या. खूश होऊन एक संपवली आणि शेवटी दोन-तीन पानांचा इंग्रजी मजकूर लागला. हक्क संपलेली पुस्तकं इंटरनेटवर फुकट देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गचा परवाना तो. हे पुस्तक कोणालाही फुकट वापरता येईल असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. झेन ग्रे १९३९ साली वारला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे त्याची पुस्तकं आपल्याकडे केव्हाच मोकळी झालेली. जे सार्वजनिक नळावर मिळतं ते मी बाटली भरून विकत घेतलं होतं, आणि बाटलीवरचं लेबल काढायची तसदीही विकणाऱ्याने घेतली नव्हती.

'सडन'च्या फायली होत्या, पण वाचवेनात. जुनं पुस्तक स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घेतात, तसं करून कोणी न तपासता सोडून दिलेलं. इंग्रजीतला छोटा 'आर' आणि 'एन' जवळजवळ छापले की यंत्राला तो 'एम' वाटतो. त्यामुळे गोठा म्हणजे 'बार्न' जिथे जिथे येतो तिथे तिथे 'बॅम' झालेलं. काऊबॉय कादंबरीत गोठा किती वेळा येतो विचार करा. घोडे 'बॅम'मध्ये बांधलेले, गुंड 'बॅम'मागे लपलेले, आणि शेवटी आग लागते तीही 'बॅम'ला. त्यात प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठांक सरळ मजकुरात घुसलेले. हात पिस्तुलाकडे जातो आणि तिथेच वाक्य तोडून पुस्तकाचं नाव, १०३, मग गोळी.

मी विकणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, "सर, आमचं रीडर अॅप टाका, त्यात नीट दिसेल." सोबत फाइल. ती मी दाबणार एवढ्यात भाची घरी आली होती, तिने टॅब ओढून घेतला. "मामा, हे दुकानातलं अॅप नाही. बाहेरून पाठवलेली फाइल टाकायची नाही, आणि पुस्तक वाचायला याला तुझे एसएमएस कशाला हवेत?" एसएमएसमध्ये बँकेचा ओटीपी येतो हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यात मात्र बरंच अंतर असतं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी उलटाच धडा घेतला. ई-पुस्तक म्हणजे फसवाफसवी, कागद तो कागद, असं मनाशी ठरवून छापील संचाच्या मागे लागलो.

जुन्या पुस्तकांच्या एका पेजवर तो सापडला. १५ पुस्तकं, कॉर्गीची जुनी आवृत्ती, वापरलेली पण सुस्थितीत, ४,५००. फोटोत १५ कणे ओळीने उभे. डावीकडून चौथ्याचा वरचा कोपरा दुमडलेला. तो दुमडलेला कोपरा बघून माझा विश्वास बसला. खोटं विकणारा माणूस दुमडलेला कोपरा कशाला दाखवेल, असं माझं लॉजिक! एका पुस्तकावर वाचनालयाचा लंबगोल शिक्काही दिसत होता. छातीत काहीतरी हललं.

फोनवर माणूस अतिशय नम्र. "आजोबांची पुस्तकं आहेत सर, घर विकतोय, जागा नाही. तुमच्यासारख्या वाचकाकडे गेलेली बरी." मी विचारलं, माल मिळाल्यावर पैसे चालतील का? म्हणाला, "सर, अजून दोघे मागे लागलेत. तुम्हाला बघा कसं." मी बघितलं नाही, पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते पेजच्या मालकाचं नव्हतंच, कुठल्या तरी एंटरप्रायझेसचं होतं. आजोबांची पुस्तकं विकणाऱ्याला एंटरप्राइझ कशाला? हा प्रश्न मला आला, पण बटण दाबून झाल्यावर.

आठ दिवसांनी खोका आला. उघडण्याआधीच उचलून कळलं, जड आहे. कॉर्गीचं पॉकेट-बुक साधारण सात इंच उंच, सव्वाचार इंच रुंद, आणि हलका कागद. विजारीच्या मागच्या खिशात मावायचं. हे वह्यांच्या आकाराचे होते. कव्हर मात्र हुबेहूब तेच, घोड्यासकट. त्यावरचा वाचनालयाचा जांभळा शिक्का बघून मी अंगठ्याने तो चोळला, सवयीने. गुळगुळीत. शिक्का उमटवलेला नव्हता, छापलेला होता. कोणाच्या तरी जुन्या प्रतीचं कव्हर स्कॅन करून, शिक्क्यासकट, पेन्सिलने लिहिलेल्या किमतीसकट, रंगीत प्रिंट काढून डकवलेलं.

आत पांढरा शुभ्र झेरॉक्सचा कागद. आणि पहिल्याच पुस्तकात, चौथ्या पानावर, घोडे 'बॅम'मध्ये.

म्हणजे मला ४९९ ला मिळालेलीच फाइल कागदावर काढून बांधली होती. ज्याच्यापासून पळालो तेच खोक्यातून घरी आलं.

पुढचे दोन दिवस मी पुस्तकं नुसती उलटीपालटी करत बसलो. रागाने नव्हे, कुतूहलाने. १५ कव्हरं होती पण मजकूर १० च. ख्रिश्चनच्या पाच कव्हरांत स्ट्रेंजचेच पाच भाग पुन्हा घातलेले. याचं कारण मला नंतर उमगलं. स्ट्रेंज १९५२ साली गेला, त्याचे हक्क आपल्याकडे २०१२ अखेर संपले, त्यामुळे त्याचा मजकूर इंटरनेटवर मोकळा हिंडतो. नोलन अगदी अलीकडे, २०२२ मध्ये वारला. त्याची पुस्तकं हक्कांखाली आहेत, फुकट हाताला लागत नाहीत. मग पाच कव्हरांत काय भरायचं? जे हाताशी होतं ते. गिऱ्हाईक कव्हर बघून कपाटात लावेल, वाचेल कशाला, असा हिशोब. बहुतेक वेळा तो बरोबरही येत असेल.

सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. 'द रेंज रॉबर्स' हे १९३० मधलं, मालिकेतलं सगळ्यात आधी लिहिलेलं पुस्तक, पण कथेच्या क्रमाने अखेरीकडचं. जेम्स ग्रीनचा शोध त्यात संपतो; बाकीची बहुतेक नंतर लिहिली, पण घडतात आधी. मला जे पुन्हा वाचायचं होतं ते हेच. आणि नेमकं याच प्रतीला शेवटचं पान नाही. मूळ स्कॅन केलेल्या प्रतीचं फाटलं असणार. गावभागातल्या वाचनालयात असं व्हायचं, पण तिथे मालक आधी सांगायचा, "शेवटचं पान नाही हं, घ्यायचं तर घे," आणि दोन आणे कमी करायचा.

फोन केला तर नम्रपणा संपलेला. "पुस्तकं मिळाली ना? मजकूर तोच आहे ना? जुनी पाहिजे तर म्युझियममध्ये जा." मग नंबर ब्लॉक. भाचीने तो कण्यांचा फोटो इंटरनेटवर टाकून, तो आणखी कुठे आहे ते शोधलं. एका परदेशी पुस्तकविक्रेत्याच्या पानावर तोच फोटो होता, चौथ्याचा दुमडलेला कोपरा तोच.

१९३० वर तक्रार केली. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक, आणि 'सडन' जन्मला तेच साल; फोन घेणाऱ्या बाईंना हे सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. त्यांनी व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, सगळं नीट लिहून घेतलं आणि एक गोष्ट विचारली: किती दिवस झाले? अकरा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, म्हणाल्या. मी दोन दिवस शिक्के चोळत बसलो होतो. ग्राहक हेल्पलाइनलाही, १९१५ वर, नोंद केली आहे. पैसे आलेले नाहीत.

आता जुनं पॉकेट-बुक घेताना मी काय मागतो ते सांगतो. कव्हरचा फोटो कोणीही देतो. मी आतल्या हक्कांच्या पानाचा मागतो, जिथे मूळ प्रकाशक आणि कॉर्गीच्या छपाईची सालं असतात, आणि मागच्या कव्हरचा, जिथे किंमत असते. फेब्रुवारी १९७१ आधीच्या प्रतीवर ती शिलिंग-पेन्सात, नंतरच्यावर नव्या पेन्सात. मधल्या एखाद्या पानाचा जवळून फोटो घेतला की कागद कडेने पिवळा-तपकिरी झालाय का ते दिसतं. तो लगद्याचा कागद ५० वर्षांत पांढरा राहूच शकत नाही. आणि सगळी पुस्तकं आजच्या वर्तमानपत्रावर ठेवून एक फोटो. खरा विकणारा एवढ्याने चिडत नाही. पुण्यातल्या एकाने तर हसून पट्टीच ठेवून फोटो पाठवला. त्याच्याकडून एक अस्सल भाग ३०० ला घेतला, आतला वास उघडल्या उघडल्या आला.

ई-पुस्तकांबद्दलही माझा राग आता निवळलाय. ब्रिटिश वेस्टर्न पुन्हा ई-पुस्तकांत आणणारी पिकॅडिली पब्लिशिंगसारखी मंडळी आहेत, आणि नावाजलेल्या दुकानांत घेण्याआधी सुरुवातीचा नमुना फुकट उघडता येतो. मी तिथे गोठा शोधतो. 'बार्न' असेल तर घेतो. मोठं अक्षर करता येतं, चष्मा न लावता झोपून वाचता येतं, पुराची भीती नाही. 'द रेंज रॉबर्स'चं शेवटचं पान मी अखेर तसंच वाचलं, रीतसर विकत घेऊन, एका मोठ्या पिझ्झ्यापेक्षा कमी पैशांत.

खोटा संच भाची रद्दीत घाल म्हणाली. मी घातला नाही, कारण रद्दीवाल्याकडून तो पुन्हा कोणाच्या तरी हातात जाईल. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर जाड मार्करने 'नक्कल' लिहून माळ्यावर टाकलाय. तो माणूस मात्र जोरात आहे. पेजचं नाव बदललंय, फोटो तोच, चौथ्याचा कोपरा तसाच दुमडलेला. परवा भाव ५,२०० होता.