कॅपखाली कीड: फिलिंग, नवी कॅप की दाढच काढायची?

कॅप बसली की त्या दाढेची काळजी मिटली, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. कॅपला कीड लागत नाही हे खरंच आहे. पण कॅपची कड संपते तिथे उघडा दात सुरू होतो, आणि हिरडी थोडी खाली सरकली असेल तर तो मुळाचा भाग असतो. मुळावर इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, नसतं. तोंडातलं आम्ल वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. मुळाच्या डेंटिनला, म्हणजे इनॅमलपेक्षा मऊ अशा आतल्या थराला, त्याहून सौम्य आम्लही पुरतं. त्यात कडेचं सिमेंट झिजून फट पडली, की कीड तिथूनच आत शिरते.

माझी दाढ दुखली नाही. रूट कॅनाल झालेली, नसच काढून टाकलेली, ती दुखणार कशी? फक्त एका जागी फ्लॉसचे (दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचे) धागे निघायचे आणि फ्लॉसला घाण वास यायचा. मी शहाण्यासारखा महिनाभर फ्लॉस बदलून बघितला! शेवटी डॉक्टरांनी टोकदार प्रोब कडेने फिरवला, आणि तो एका ठिकाणी रुतला.

एक्स-रेवर फार विसंबू नका. धातूची असो की झिर्कोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची), कॅप त्यात पांढरीफटक दिसते आणि तिच्या पोटातलं काही कळत नाही. दोन दातांमधल्या कडेची कीड दिसते, गालाकडची किंवा जिभेकडची बहुधा निसटते. उलटंही होतं: आतून धातू आणि वरून पोर्सिलीन अशा कॅपची हिरडीपाशी काळी रेघ दिसू लागते. ती पुष्कळदा उघडी पडलेली धातूची कड असते, कीड नव्हे. नुसत्या त्या रेघेवरून कुणी कॅप बदलायला सांगितली तर दुसरं मत घ्या.

आता पर्याय. सगळ्यात सोपा म्हणजे कॅपला हात न लावता कडेची कीड कोरून फिलिंग करणं. बहुधा एका बैठकीत होतं. हिरडीजवळ लाळ आणि रक्त आवरत नाही, म्हणून तिथे बऱ्याचदा ग्लास आयोनोमर नावाचं फिलिंगचं सिमेंट वापरतात: ते दाताला रासायनिकरीत्या चिकटतं, ओलावा थोडा सहन करतं आणि फ्लोराइड सोडतं. कीड लहान, गालाकडच्या बाजूला, पूर्ण दिसणारी आणि कॅप घट्ट असेल तर हे उत्तम. गोम एकच, कीड कॅपखाली कुठवर गेलीय हे खात्रीने कळत नाही. दोन दातांच्या मधे तर हत्यारही नीट पोचत नाही. कॅप नवीन असेल, किंवा वयामुळे वा आजारपणामुळे खुर्चीत फार वेळ बसणं झेपत नसेल, तर मी हेच निवडेन. जुनी, हलणारी कॅप असेल तर नाही. तिथे हा खर्च पुन्हा करावा लागतो.

दुसरा मार्ग कॅप काढून नवी बसवण्याचा. जुनी कॅप सहसा चिरूनच काढावी लागते, म्हणजे ती गेलीच. माझ्या कॅपचे दोन तुकडे ट्रेमध्ये पडले; वरून चकचकीत, आतून तपकिरी लगदा. खरा निकाल इथे लागतो, कारण कीड साफ केल्यावर निरोगी दात किती उरला यावर सगळं अवलंबून आहे. हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर निरोगी भिंत लागते. लाकडी चाकाला लोखंडी धाव आवळून बसते तशी कॅप त्या भिंतीला धरून बसते. भिंतच नसेल तर कॅप निघते किंवा मूळ फुटतं. पोस्ट, म्हणजे मुळात बसवायची काडी, घालून हे भागत नाही. पोस्ट वरचा भराव धरून ठेवतो, दात मजबूत करत नाही.

भिंत थोडी कमी पडली तर क्राउन लेंग्थनिंग करतात, म्हणजे हिरडी आणि थोडं हाड खाली घेतात. कॅपची कड हाडाच्या फार जवळ गेली तर हिरडी सतत सुजते, म्हणून साधारण तीन मिलिमीटर अंतर राखतात. माझी जिभेकडची भिंत अशीच आखूड निघाली. शस्त्रक्रिया किरकोळ, पण हिरडी बसेपर्यंत काही आठवडे तात्पुरत्या कॅपवर काढावे लागले. लाळ आत बराच काळ झिरपली असेल तर रूट कॅनालही पुन्हा करावं लागू शकतं. म्हणून कॅप चिरण्याआधीच विचारून ठेवा: आत दात पुरेसा निघाला नाही तर पुढे काय? मी विचारलं नव्हतं, आणि तोंड बधिर असताना निर्णय घेत बसलो.

कीड हाडाखाली गेली, दाढेची मुळं जिथे एकमेकांपासून वेगळी होतात तिथवर पोचली किंवा मूळ उभं तडकलं, तर दाढ काढणंच बरं. पुढे इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात) की ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात)? इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी आणि हाड सुजून झिजू शकतं. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हा धोका वाढवतात. पुरेसं हाड हवं आणि काही महिने थांबायची तयारीही. ब्रिज लवकर होतो, पण त्यासाठी शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करावे लागतात, म्हणजे ज्या कडेने दगा दिला तशा आणखी दोन कडा. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असेल तर गोष्ट वेगळी. सगळ्यात मागची दाढ असेल तर काहीजण जागा रिकामीच ठेवतात, आणि त्यांचं अडत नाही.

एक गोष्ट मात्र पर्याय ठरवण्याआधी तपासा: तोंड कोरडं पडतं का? रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि मग नव्या कॅपच्या कडेलाही कीड लवकर लागते. अशांना डॉक्टर ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट लिहून देतात. नेहमीच्या पेस्टमध्ये ते साधारण १००० ते १५०० असतं.