येळवस की पोळा: लेकरांना घेऊन गावी कधी जावं?

रजा एकदाच मिळणार असेल तर मी येळवसच (वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करायचा सण) धरते. पोळा श्रावण अमावस्येला. रंगवलेली शिंगं, झुली, वाजंत्री बघायला भारी, पण पायाखाली चिखल आणि तीन वर्षांचं लेकरू हलगी वाजली की रडतं. मातीचे बैल घरीही पुजता येतात.

लातूर-धाराशिवकडची येळवस मार्गशीर्ष अमावस्येला, थंडीत, शेतातच. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव. आमची धाकटी एरवी पालेभाजीला तोंड लावत नाही. तिथं मात्र बाजरीच्या उंड्यासोबत भज्जी (पालेभाज्या नि शेंगांची मिसळीची भाजी) चाटूनपुसून खाते! आंबील आंबट लागते, तरी बोट बुडवून बघतेच. झोप आली की कोपीच्या सावलीत वाकळ अंथरायची.