केमोच्या दिवशी तो कधीच आला नाही

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी ३१ वर्षं काढली. रिकाम्या गाडीचं वजन करताना स्टेपनी आणि जॅक आधीच कुठंतरी उतरवून ठेवायचा, म्हणजे गाडी हलकी भरते आणि ऊस जास्त दिसतो. भरलेल्या गाडीच्या वेळी दोन माणसं ट्रॉलीआड उभी करायची. असले प्रकार मी लांबून ओळखायचो. गाडीवाले मागं मला काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच मला एका माणसानं १ लाख ३९ हजार १०० रुपयांना आणि बायकोच्या दोन पाटल्यांना फसवलं, तेही माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून. पैशाचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं काही गेलं असतं, म्हणून लिहितोय.

आम्ही नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. रेव्हरंड टिळकांची गीतं लहानपणापासून कानावर. सासरे पेटी वाजवायचे, रविवारची उपासना कधी चुकली नाही. हे एवढ्यासाठी सांगतो की आमच्याकडे श्रद्धा नवी नव्हती. नवं होतं ते दुखणं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बायकोच्या डाव्या स्तनात गाठ लागली. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाहिला, कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी केमो देऊन गाठ लहान करू, मग ऑपरेशन. पहिल्या चार केमो २१ दिवसांच्या अंतरानं, त्यात ते लाल रंगाचं औषध, नंतर दुसऱ्या औषधाच्या १२, दर आठवड्याला एक. खर्च महात्मा फुले योजनेत बसला. म्हणजे फंडाचे पैसे हातात शिल्लक राहिले. ही गोष्ट मी कुठंतरी बोललो असणार.

पहिल्या केमोनंतर पंधराएक दिवसांनी केस जायला लागले. एका सकाळी तिनं स्वतःच कात्रीनं वेणी कापली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला म्हणाली, "हे तेवढं ठेवून द्या." मी ते पुडकं कपाटावर ठेवलं आणि दूध आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो. दूध घरात होतं.

मेहुणीच्या ओळखीनं आम्ही एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे होतात म्हणे अशा सभेला गेलो. मांडव, मोठे स्पीकर, कुबड्या टाकून चालणारी माणसं. बायकोला त्या आवाजानं मळमळायला लागलं, म्हणून मागं येऊन बसलो. तिथं तो 'ब्रदर' स्वतः आमच्याजवळ आला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. नाव विचारलं, गाव विचारलं, कुठं दाखवता ते विचारलं. चौथ्या दिवशी घरी हजर.

त्या दिवशी त्यानं जे केलं ते सांगितल्याशिवाय मी फसलो कसा ते कळणार नाही. त्यानं घमेलं मागितलं, कोमट पाणी मागितलं आणि जमिनीवर बसून माझ्या बायकोचे पाय धुतले. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू शिष्यांचे पाय धुतो तसे. केमोनं तिच्या तळव्यांची कातडी सोलवटली होती. त्यानं एकेक बोट हलक्या हातानं पुसलं. इतक्या दिवसांत मी त्या पायांना हात लावला नव्हता. मला रडू कोसळलं. माझा काटा बिघडला तो त्या क्षणी. पुढचं सगळं वजन चुकीचंच होणार होतं.

मागणी हळूहळू आली. आधी अभिषेकाच्या तेलाची बाटली, २,१०० रुपये. मग 'विश्वासाचं बी', ११ हजार. हे दोन्ही मोबाइलवरून स्कॅन करून दिले. मग चाळीस दिवसांच्या उपवास-प्रार्थनेची साखळी, ५१ हजार, आणि हे मात्र रोख. कारण काय, तर उजवा हात देतो ते डाव्या हाताला कळू नये. वचन मत्तयाचं आहे, खरंच आहे. पण ते दान देणाऱ्याला सांगितलंय, घेणाऱ्यानं पावती टाळावी म्हणून नाही. एवढी साधी गोष्ट मला, पावत्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला, सुचू नये?

शास्त्र त्याला तोंडपाठ होतं. वैद्यांवर सगळी पुंजी खर्चून दुखणं वाढलेली, आणि प्रभूच्या वस्त्राला शिवून बरी झालेली बाई त्यानं आम्हाला तीन वेळा ऐकवली. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, टाकणारी गरीब विधवा तर प्रत्येक भेटीत. नंतर मी मार्कचा बारावा अध्याय उघडून बसलो. त्या विधवेच्या अगदी आधीच्या ओळींत विधवांची घरं गिळून टाकणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळून राहायला सांगितलंय. तो दर वेळी नेमका त्या ओळींच्या खालून वाचायला सुरुवात करायचा.

आणखी एक. "पाळकसाहेबांना यातलं सांगू नका," आमच्या चर्चच्या पाळकांबद्दल म्हणायचा. "चांगले आहेत ते, पण विश्वास कोमट आहे." मुलीलाही सांगायचं नाही, ती नर्सिंग शिकलेली, शंका घेईल. मी घरातल्या घरात चोरासारखा वागायला लागलो.

दुसऱ्या केमोनंतर त्यानं खरी गोष्ट काढली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणाला. एक तर औषधावर विश्वास, नाही तर देवावर. तिसऱ्या केमोची तारीख बुधवारची होती. आम्ही गेलो नाही. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी सांगितलं, गावाला आलोय.

आता जे झालं ते नीट वाचा, कारण माणसं इथंच अडकतात. केमो थांबली आणि दोन-तीन आठवड्यांत बायको खरोखर सुधारली. उलट्या थांबल्या. तोंडातले फोड गेले, जिभेला चव आली. तिनं पिठलं-भाकरी मागून खाल्ली. डोक्यावर मऊ लव आली. गाठही हाताला लहान लागत होती. हा चमत्कार नव्हता. केमोचा त्रास हा केमोचा असतो, ती बंद केली की तो ओसरतो, आणि माणसाला वाटतं रोगच ओसरला. गाठ लहान झाली होती ती झालेल्या दोन केमोंनी. दुसऱ्या केमोच्या दिवशी डॉक्टरांनी मोजून तसं सांगितलंही होतं. दवाखान्यानं केलेलं काम तेलाच्या बाटलीच्या नावावर जमा झालं.

त्याच आनंदात ७५ हजार आणि पाटल्या गेल्या, नव्या मांडवासाठी. आणि त्याच आनंदात त्यानं बायकोची 'साक्ष' मोबाइलवर रेकॉर्ड केली. डोक्याला स्कार्फ बांधून ती उभी आहे आणि सांगते आहे की मला आता बरं वाटतं. ती खोटं बोलली नव्हती. बरं वाटतच होतं. औषध सोडलं तेव्हापासून, हे वाक्य त्यानं तिच्या तोंडी घातलं. खाली माझा नंबर टाकला.

सातव्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास फोन वाजला. बीडकडचा कोणी मुलगा होता. त्याच्या आईला हाच आजार, तीन केमो झालेल्या. म्हणाला, "काका, व्हिडिओ पाहिला. आई म्हणते मलाही थांबवायचंय. थांबवू का?"

मी गप्प. तोंडातून 'विश्वास ठेवा' असं काहीतरी निघणार होतं. बायकोनं हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "थांबवू नका. बाळा, मी काय सांगते ते ऐक, आईला उद्याच घेऊन जा. माझी गाठ परत वाढलीय."

मला तेव्हा कळलं. तिला आठ दिवसांपासून माहीत होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुम्ही इतके धावत होता माझ्यासाठी. कसं सांगणार?"

त्यावर मला आजही बोलता येत नाही. मी धावत होतो हे खरं. सभा, उपवास, पैसे, तेल. पण ती बादलीत ओकत असताना मी घरात नसायचो. मला ते बघवत नव्हतं. मी चमत्कार विकत घ्यायला निघालो होतो, कारण तिच्याजवळ नुसतं बसणं मला जमत नव्हतं. त्या माणसानं माझी श्रद्धा हेरली नाही, हे हेरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टर ओरडले नाहीत. छोटी मोजपट्टी घेऊन गाठ मोजली, आकडा लिहिला, आधीच्या आकड्याखाली. मी काट्यावरचा माणूस, दोन आकडे एकाखाली एक दिसले की वजाबाकी आपोआप होते. इथं वजा होत नव्हतं. तारीख मिळाली.

तिसऱ्या केमोला पाळकसाहेब आले. सगळं त्यांच्या कानावर गेलेलं होतं, एक अक्षर बोलले नाहीत. सकाळी दहापासून सलाईन संपेपर्यंत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहिले. मधे तिची उशी सारखी केली, मला चहा आणून दिला. प्रार्थना दोन मिनिटांची. संध्याकाळी घरी येऊन कपाळाला तेल लावलं, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांनी लावावं असं याकोबाच्या पत्रात आहे तसं, आणि निघताना म्हणाले, "उलटीची गोळी जेवणाआधी आहे, विसरू नका." मी विचारलं, साहेब, औषध घेणं म्हणजे अविश्वास का? ते म्हणाले, हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता, त्याला आयुष्य वाढवून द्यायचं देवानं कबूल केलं, तरी यशयानं गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलंच की. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. आणि मिरजेत मिशनरी डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं ते काय विश्वास कमी होता म्हणून?

मग बायबलमधल्या नामान सेनापतीची गोष्ट निघाली. अलीशा संदेष्ट्यानं त्याचं कोड घालवलं आणि एक पैसा घेतला नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र गुपचूप रथामागं धावला आणि धन्याच्या नावानं चांदी आणि कपडे मागून आणले. "तुमच्याकडे गेहजी येऊन गेला," साहेब म्हणाले. दोष देणारं ते एवढंच वाक्य मी त्यांच्याकडून ऐकलं.

महिला मंडळानं आपसांत वार लावून घेतले. सोमवारी एकीकडून मऊ भात, फोडणीशिवाय, कारण फोडणीच्या वासानं तिला ढवळायचं. गुरुवारी दुसरीकडून नाचणीची पेज. डबा द्यायच्या, रिकामा डबा घ्यायच्या, निघायच्या. कुणी मोठ्यानं काही मागितलं नाही, देवाकडेही नाही. बादली धुवायला मी शिकलो. पाय पुसायलाही.

तो ब्रदर आमच्या घरी अकरा वेळा आला. तारखा वहीत आहेत. दुसऱ्या केमोच्या दिवशी त्याला मी मुद्दाम बोलावलं होतं, तेव्हा त्याची दुसरीकडे सभा होती.

पोलिसांकडे उशिरा गेलो, लाजेपोटी. चार महिने उलटले होते. ज्या दिवशी पैसे स्कॅन करून दिले त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला असता तर निदान ते अडवण्याची शक्यता होती, असं तिथं कळलं. रोख रकमेला पुरावा काय, तर माझी वही. पण तक्रार घेतली गेली. चमत्काराच्या नावानं पैसे उकळणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. हा कायदा एका धर्मासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. त्यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तक्रार देताना बायकोनं एकच गोष्ट लावून धरली: पैसे मिळोत न मिळोत, तो व्हिडिओ काढा. तो निघाला. तोवर किती जणांनी पाहिला असेल, हा विचार तिला अजून रात्री उठवतो.

काहींनी मला सांगितलं, हे लिहू नका, आपल्या लोकांची बदनामी होईल. मला ते पटत नाही. बदनामी त्याच्या स्कॅनरनं केली, माझ्या लिहिण्यानं होणार नाही. मंडळीतल्या घरांत आजारपण आलं आणि कुणी तुम्हाला पाळकांपासून, पोरांपासून, डॉक्टरांपासून लपवून प्रार्थना करायला सांगितलं, तर त्याला केमोच्या दिवशी बोलवा. स्टूल दाखवा. बसतो का बघा.

बायकोच्या पुढच्या केमो झाल्या, ऑपरेशन झालं, आता तपासण्या चालू आहेत. त्या सात आठवड्यांनी काय नेलं ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. २,१०० ची तेलाची बाटली मुलीनं उघडून वास घेतला, साधं खोबरेल. फाटकाच्या बिजागरीला घातलं.

बीडच्या त्या मुलाच्या आईचा फोन अजून येतो. दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. परवा मी शेंगा सोलत शेजारीच बसलो होतो, आवाज ऐकू येत होता. माउली विचारत होती, "ताई, माझी नखं काळी पडलीत. तुमची पडली होती का?"

"पडली होती," बायको म्हणाली, आणि स्वतःचा हात उजेडात धरून बघितला. "येतात हळूहळू परत. अंगठ्याचं शेवटी येतं."