वर्डमधून लाटेकमध्ये: पॅनडॉक काही महिने वापरल्यावर

मराठी प्रबंध आणि संशोधनग्रंथांची मांडणी हे माझं रोजचं काम. लेखक वर्डची फाइल पाठवतात, पुस्तक मात्र लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत, लावायचं असतं. गेले काही महिने हे रूपांतर मी पॅनडॉकने करते आहे. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये आणलेलं हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. जुनी डॉक फाइल असेल तर आधी लिब्रेऑफिसमध्ये डॉकएक्स करून घ्यावी.

माझा जीव जडला तो तळटीपांमुळे. टीपांनी भरलेला प्रबंध हाताने उतरवायचा म्हणजे नुसता घाम. इथे प्रत्येक टीप आपल्या जागी बसते आणि क्रमांक लाटेक देतं. वर्डमधली समीकरणंही छान उतरतात. फार जुन्या इक्वेशन एडिटरमधली मात्र पुन्हा लिहावी लागतात.

पण फाइल वर्डमध्ये कशी तयार केली आहे, यावर सगळं अवलंबून आहे. ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावलेलं शीर्षक थेट सेक्शन होतं, एक पर्याय दिला की प्रकरणही. तेच शीर्षक नुसतं ठळक करून मध्यभागी आणलं असेल, तर हाती येतो एक ठळक परिच्छेद. म्हणून फाइल आली की मी आधी वर्डमधला शीर्षकांची यादी दाखवणारा नेव्हिगेशन पेन उघडते. तो रिकामा दिसला की स्टाइल लावायला बसायचं. तिथे घालवलेला वेळ पुढे पुरेपूर वसूल होतो. ओव्या-अभंगांना स्वतंत्र स्टाइल द्या, पॅनडॉकला स्टाइलची नावं जपायला सांगा, आणि छोट्याशा लुआ फिल्टरने (पॅनडॉकला जोडायच्या लुआ भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅमने) त्यांचं लाटेकमधलं हवं ते एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतःची मांडणी असलेला मजकुराचा भाग, करा. हे जमलं की काम फार सुखाचं होतं.

मराठीची खरी अडचण जुन्या फाँटची. कृतिदेवातली फाइल पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं असतात आणि तीच लाटेकमध्ये येतात. आधी युनिकोड करा, मग बारकाईने वाचा, विशेषतः रफार. ‘वार्‍यावर’ मधल्या र्‍यासाठी बहुधा एक अदृश्य जोडचिन्ह वापरलेलं असतं. पॅनडॉक ते जपतं. पण अदृश्य चिन्हं सरसकट पुसणारा मॅक्रो आधी चालवला असेल तर ‘वार्यावर’ छापून येतं.

पीडीएफसाठी झीलाटेक, म्हणजे युनिकोड मजकूर थेट हाताळणारं लाटेकचं रूप, वापरा. आयआयटी मुंबईचा मोफत शोभिका फाँट मला फार आवडतो. फाँटच्या ओळीत लिपी देवनागरी असल्याचं सांगायलाच हवं, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरं सुटतात.

मार्गदर्शकांनी वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये केलेल्या दुरुस्त्या पॅनडॉक मुकाट्याने स्वीकारतं आणि शेरे गाळतं. ते हवे असतील तर पॅनडॉकचा ट्रॅक-चेंजेस हा पर्याय ‘ऑल’ ठेवा. ईएमएफ या विंडोजच्या प्रकारातली चित्रं आधी पीडीएफ करून घ्या.

तक्ते ही सर्वांत कच्ची बाजू. साधे तक्ते लाँगटेबल (लाटेकमधला अनेक पानांवर चालू शकणारा तक्ता) होऊन येतात, पण स्तंभांची रुंदी बहुधा हाताने सावरावी लागते. एकत्र केलेल्या चौकटींचा तक्ता असेल तर मी दुरुस्तीच्या नादी लागत नाही, सरळ नव्याने लिहिते.