लकव्यानंतर हातासाठी घेतलेला रोबोटिक ग्लोव्ह: काही महिने वापरल्यावर

आम्ही निपाणीचे. सासूबाईंना लकवा मारला आणि डावी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी सावरला, हात मात्र मूठ आवळून छातीशी चिकटलेला. फिजिओसाठी सारखं बेळगावला नेणं जमेना, म्हणून हवेच्या पंपावर चालणारा हा ग्लोव्ह ऑनलाइन मागवला.

खरी कसरत घालताना. मूठ ओढून उघडायला गेलं की ती आणखी घट्ट होते. फिजिओंनी युक्ती दाखवली: मनगट आधी हळूच तळव्याकडे वाकवायचं. बोटं आपसूक सैल पडतात. मग आधी अंगठा घालायचा, बाकीची बोटं मागाहून. कोपराखाली उशी हवीच, नाहीतर लोंबणाऱ्या हाताच्या वजनानं खांदा उतरतो.

पंप हवा भरतो, बोटं उघडतात. हवा ओढतो, मिटतात. त्यानंतर हात थोडा वेळ मऊ राहतो. नखं काढणं, तळवा धुणं सोपं झालं. माझ्या मते एवढ्यानंच निम्मे पैसे वसूल.

पण हात चालायला लागेल म्हणून घेणार असाल तर थांबा. आत्ती, म्हणजे सासूबाई, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच म्हणाल्या, "हे मशीनच करतंय की. मी कुठं काय करायलोय?" अगदी बरोबर. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीतही रोबोटच्या व्यायामानं नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचं काम जास्त सुधारलं नव्हतं. आणि ती तर दवाखान्यातली मोठी मशीनं!

त्यातल्या त्यात आरसा मोड बरा. उजव्या हातात सेन्सरचा मोजा. तो हात उघडला की डावा उघडतो. "तुम्हीपण जोर लावा," असं मागं लागावं लागतं. ग्लोव्ह काढला की लगेच हात मऊ असतानाच कामाला लावायचा. आत्तींनी जन्मभर विड्या वळल्या, म्हणून मांडीवर सूप आणि तेंदूची पानं दिली. आता डाव्या चिमटीत पान धरतात, उजव्यानं वळतात. विडी वाकडी होते, त्यावर स्वतःच शिव्या घालतात. धरलेलं सोडणं अजून जड जातं.

तक्रारी: अंगठ्याची नळी लवकरच फाटली, विक्रेत्यानं हात वर केले. बॅटरी मात्र लाइट गेली तरी पुरते. मागवताना डावा-उजवा आणि साइज नीट बघा. लकव्याच्या हाताला टोचलेलं बरेचदा कळत नाही, तेव्हा काढल्यावर कातडीवर लाल वळ उठलेत का, तेही पाहा.