क्वांटिफेरॉन चाचणी : मानेच्या गाठींच्या रुग्णात तिचा उपयोग किती?

क्वांटिफेरॉन-टीबी गोल्ड प्लस ही रक्तचाचणी क्षयाचा सुप्त संसर्ग शोधण्यासाठी बनवलेली आहे आणि त्या कामी ती निश्चित चांगली आहे. बीसीजी लशीमुळे ती फसत नाही आणि ट्यूबरक्युलिन चाचणीप्रमाणे हातावरची सूज मोजण्यासाठी रुग्णाला पुन्हा बोलवावे लागत नाही. परंतु मानेत किंवा काखेत गाठी घेऊन आलेल्या प्रौढाला गंडमाळच (लसिकाग्रंथींचा क्षय) झाली आहे, हे तिच्या पॉझिटिव्ह अहवालावरून ठरवता येत नाही, कारण सुप्त संसर्ग (जंतू शरीरात आहेत, पण आजार नाही) आणि सक्रिय आजार यांतला फरक तिला कळत नाही.

माझ्या मते तिचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे चौथी, मायटोजेनची नळी. चाचणीचे रक्त चार नळ्यांत घेतात : काहीही न मिसळलेली तुलनेची ‘निल’ नळी, क्षयाच्या प्रथिनांच्या दोन नळ्या आणि पेशींना चेतवणाऱ्या मायटोजेन या पदार्थाची ही नळी. या नळीत रक्तातील पेशींनी इंटरफेरॉन गॅमा हे रोगप्रतिकाराचे संदेशवाहक प्रथिन तयार करणे अपेक्षित असते. क्षयाच्या नळ्या निगेटिव्ह असताना येथील मूल्य, निल नळीचे वजा करून, ०.५ आययू प्रति मिलिलिटरपेक्षा कमी भरले, तर अहवाल ‘इंडिटर्मिनेट’ म्हणजे अनिर्णित येतो. नमुना इन्क्युबेटरमध्ये उशिरा गेला, रुग्ण स्टेरॉइडवर असला किंवा लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी असले तरी असे घडते, म्हणून चाचणी एकदा पुन्हा करावीच. मात्र एचआयव्ही नसलेल्या रुग्णात हे मूल्य पुन्हा शून्याजवळच राहिले, तर त्याच्या शरीरात इंटरफेरॉन गॅमालाच निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे असण्याची शंका घ्यायला हवी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थायलंड आणि तैवानमधील संधिसाधू संसर्ग (दुबळ्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारे संसर्ग) झालेल्या, एचआयव्ही नसलेल्या प्रौढांपैकी ८८ टक्क्यांत ही प्रतिपिंडे आढळली. या रुग्णांच्या लसिकाग्रंथी बहुधा मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसससारख्या क्षयेतर जंतूंनी सुजतात. टायफॉइडव्यतिरिक्तचे साल्मोनेला आणि मेलिऑइडोसिस या माती-पाण्यातून होणाऱ्या आजाराचे जंतूही त्यांना गाठतात. ॲब्सेसस क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांना दाद देत नाही, त्यामुळे ‘टीबीच असेल’ म्हणून महिनोन्‌महिने चाललेला उपचार वाया जातो आणि रुग्ण खंगत जातो, याचे मला फार वाईट वाटते.

माझी एकच तक्रार अहवालाच्या मांडणीबद्दल आहे : काही अहवालांत केवळ निष्कर्ष छापलेला असतो. चाचणी करून घेणाऱ्यांनी चारही नळ्यांचे आकडे आवर्जून मागावेत आणि मायटोजेनचे मूल्य संशयास्पद असल्यास ग्रंथीतून काढलेल्या नमुन्याचे मायकोबॅक्टेरियल कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे), जंतूची प्रजाती ओळखण्याची तपासणी आणि शक्य असेल तेथे प्रतिपिंडांची चाचणी यांविषयी डॉक्टरांशी बोलावे.